बिरड्याच्या रोजाचा दहावा माणूस

मी खडकीच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणजे माझ्या हातून जगातली बहुतेक साम्राज्यं चार-चार मार्कांना बुडाली. जेरुसलेमचा पाडावही त्यातलाच. तिथलं ज्यूंचं मंदिर आधी बाबिलोनी राजानं जाळलं, पुन्हा बांधलेलं रोमनांनी पाडलं, मग शहर अरबांकडे, क्रुसेडरांकडे, तुर्कांकडे, इंग्रजांकडे. फळ्यावर बाण काढत गेलं की तास संपायचा.

माझे शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, विधुर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. त्या पडलेल्या मंदिरासाठी ते वर्षातून एकदा कडक उपास धरत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वालाच्या बिरड्यानं सोडायचा, म्हणून त्यांच्यात त्याला बिरड्याचा रोजा म्हणतात. रोमनांनी तिथे नांगर फिरवला, असं एकदा त्यांनी सांगितलं. मी लगेच पाजळलं की, आमच्या पुण्यावरही गाढवांचा नांगर फिरला होता, पण आम्ही पुढे सोन्याचा फिरवून घेतला. त्यांनी शांतपणे चहा संपवला.

"मास्तर, पाडाव तुम्ही शिकवता. उपास मी करतो."

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना कायमचं तिकडे, जेरुसलेमजवळ न्यायचं म्हणत होता. म्हणजे इथला हा शेवटचा रोजा. सकाळी कँपातल्या सिनेगॉगमध्ये जमून विलाप वाचायचा, आणि सगळ्यांची मिळून प्रार्थना व्हायला त्यांच्यातलेच दहा पुरुष लागतात. बाकीचे केव्हाच देश सोडून गेलेले. यांना धरून बरोबर दहा उरले होते. मला तेवढं गाडीनं सोडाल का, असं त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, सात वाजता हजर.

सातला गेलो. दार उघडंच होतं, ते जमिनीवर बसले होते. मी खणखणीत नमस्कार घातला. उत्तर नाही. झोप झाली का, विचारलं. त्यांनी नुसती मान खाली घातली. आता, पुणेकर अपमान करण्यात जितका तरबेज, तितकाच स्वतःचा झाला की हळवा. एवढ्या सकाळी अंघोळ करून आलो आणि साधा नमस्कार नाही? मी आल्या पावली घरी परतलो, फोन बंद केला आणि स्वतःसाठी पोहे केले. छान झाले होते, हेही कबूल करतो.

संध्याकाळी जाब विचारायला गेलो. ते बिरडं वाढून घेत होते, माझीही ताटली काढून ठेवलेली. त्यांनीच समजावलं की, या दिवशी सुतक पाळतात, म्हणून कुणी कुणाला नमस्कार करत नाही, क्षेमकुशल विचारत नाही. मी वळलो तेव्हा त्यांना वाटलं, गाडी काढायला गेलो. फाटकापाशी पावसात पाऊण तास उभे होते. फोन लागेना. माझी बेल वाजवली नाही. दोनदा मागायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग रिक्षा मिळाली नाही. तिकडे नऊ म्हातारे ताटकळले आणि शेवटी आपापलं वाचून घरी गेले.

मी तोंड उघडलं, तर त्यातून "पुढच्या वर्षी" असं काहीतरी बाहेर पडलं.

"पुढच्या वर्षी मी तिथे असेन," ते म्हणाले. "तिथे दहा माणसं कुठल्याही गल्लीत मिळतात. मला इथली हवी होती."

मी ताटली बाजूला सरकवली. जेवा, म्हणाले, वाल सोलायला अख्खी दुपार गेली होती.

महिन्याभरात ते मुलाकडे गेले. यंदा रोजाच्या सकाळी मी कँपात जाऊन विचारलं, माझा काही उपयोग होईल का. त्या नऊ जणांनी मला बसायला बाक दिला. मोजलं मात्र नाही.