बटण जरा जास्त दाबलं की

साम्राज्यं सेनापतीच्या दूरदृष्टीवर उभी राहतात, असं म्हणतात. आमच्या वहिनींचं साम्राज्य त्यांच्या उजव्या अंगठ्यावर उभं आहे. त्यांचा हा युद्धाचा खेळ मूळचा कॉम्प्युटरवरचा. तिथे माउसने एकेक सैनिक निवडता येतो. टीव्हीवर मात्र कंट्रोलरचं बटण दाबून धरायचं. पडद्यावर एक वर्तुळ वाढत जातं आणि त्यात सापडेल तो लढाईला निघतो.

शत्रूचा शेवटचा किल्ला आठवडाभर वहिनींना दाद देत नव्हता. रविवारी घाईत त्यांनी बटण जरा जास्तच दाबलं. सैन्यामागून, राज्यासाठी लाकूड गोळा करणारे लाकूडतोडेही कुऱ्हाडी घेऊन निघाले.

दादा स्वयंपाकघरातून धावत आला. "अगं, त्यांना कुठे नेतेस? मरतील ना!"

"येऊ देत की. तेवढाच त्यांना बदल."

किल्ल्याचा दरवाजा लाकडी होता. सैनिक बाण सोडत राहिले. लाकूडतोड्यांनी दरवाजा तोडला. आम्ही सगळे सोफ्यावर उभे राहून ओरडलो. किती थोर विजय असेच, चुकून वर्तुळात सापडलेल्या माणसांनी मिळवले असतील, असं मला वाटून गेलं.

दादाला कुकरच्या शिट्ट्या मोजायला ठेवलं होतं. वरण करपलं.