ठिपक्यांची पानं

आक्का कुणाच्याही घरी गेल्या, की चपला काढायच्या आधी दारातल्या झाडाचं पान उन्हाकडे धरून बघायच्या. घरची माणसं हसायची. "या, आधी झाडाची तब्येत विचारा, मग आमची!" आक्का म्हणायच्या, "तुम्ही दुखलं तर बोंबलता. ते कुठं बोलतंय?"

निपाणीत हायवेजवळ आमची गल्ली. आक्का विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. नववीत माझी शाळा सुटली, तेव्हा त्यांनी मला रोज परसात बसवून शिकवलं. आज इतक्या लांब, सुरतेत, हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळे.

परसात तंबाखूच्या कुंड्या. "बाई, विडी कधीपासनं?" अशी टिंगल व्हायची. मला मात्र त्या समजावायच्या, "गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की ओझोन तयार होतो. वर आभाळात तो आपल्याला राखतो, खाली पान भाजतो. तंबाखूला लगेच ठिपकं पडतात. मग पान आपली श्वास घ्यायची बारीक तोंडं मिटून घेतंय. मिटली की हवेतलं वाईट ओढून घ्यायचंही थांबतंय. हवा अजून बिघडती गं."

हायवेला लागून बालवाडी बांधायचं चाललं होतं. ती आतल्या मैदानाकडे न्यावी, म्हणून आक्कांनी एक कुंडी रस्त्याकडेला ठेवली, एक मैदानात. दोन्हींच्या पानांतला फरक गल्लीच्या बैठकीत दाखवायचा होता. तेवढ्यात त्यांना दम लागला आणि बेळगावला दवाखान्यात न्यावं लागलं.

शेजारच्या आप्पांचा जन्म तंबाखूच्या शेतात गेलेला. आक्का परतल्या तेव्हा ते हौसेनं सांगत आले, "रस्त्याकडच्या झाडावर लई ठिपकं पडलं हुतं. तेवढी खराब पानं सगळी खुडून टाकली बघा!"

आक्कांनी खुडलेल्या देठांवरनं बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "व्हय, लई स्वच्छ केलंसा. बसा, च्या टाकते."

आप्पा गेल्यावर मी चिडले. "त्यांना सांगायचं न्हाय व्हय?"

"काय सांगू? आजारी पोराचं अंग पुसावं तशी पानं खुडलीत त्यांनी."

बैठकीत आक्का दम खात बोलल्या. कुणीतरी म्हणालं, "बाई, दोन्ही झाडं चांगली हिरवीगार हायत की!" बालवाडी हायवेलाच झाली. आक्कांनी ती कुंडी तिच्या भिंतीशी नेऊन ठेवली. नवी पानं मोठी होऊन त्यांवर ठिपके पडायच्या आत त्या गेल्या. तोवर लग्न होऊन मी सुरतेला आले होते, मला जाताही आलं नाही.

त्यांनी दिलेलं बी मी इथं गॅलरीत लावलंय. लेकीची शाळाही मोठ्या रस्त्यावरच आहे. काल ती कात्री घेऊन आली. "आई, हे पान खराब झालंय, काढू?"

मी तिचा हात धरला. उद्या शाळेत पालकांची बैठक आहे. एवढ्या शिकलेल्या लोकांपुढं मला बोलता येईल का, ठाऊक नाही. कुंडी मात्र चपलांशेजारी काढून ठेवली आहे.