अमेरिकन मामाचं थंडं कपाट

माझ्या मामाने समुद्रसुद्धा पाहिला नव्हता, पण अमेरिकेत लोक कसे राहतात हे तो अकोल्याच्या बाजारात वांगी तोलता तोलता सांगे. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले, मामाचा अमेरिकेहून. लढाई संपल्यावर रद्दीत तिकडची मासिकं येऊ लागली होती. इंग्रजीचं अक्षर येत नसलं तरी चित्रांवरून त्याला सगळं कळे. "तिथली बाई झाडू मारते तरी हासते, पोरगं दूध सांडते तरी हासते. काहून? घरात थंडं कपाट हाये!"

मग त्याने आमच्या ओसरीत तसं कपाट केलं. जुन्या फडताळाला पांढरा रंग, मोटारीच्या दाराची मूठ, आत माठ आणि ओलं गोणपाट.

आई म्हणाली, "दादा, हे तं माठच झालं."

"माठाले दार असते काय व?"

माझं तोंड कायम फुगलेलं. त्यापायी दोन स्थळं गेली होती. तिसरं परतवाड्याचं, तेही गेलं तर बिजवराच्याच गळ्यात बांधावी लागेल, म्हणून आई रडे. मामाने मला कपाटापुढे तालमीला धरलं. "उघड! हास! दात दाखव, हिरड्या नको!" मला वाटे, मी चित्रातली मड्डमच. दिसत होते लिंबाचा पाला खाल्लेल्या शेळीसारखी.

पाहुणे आले. मी कपाट उघडलं, हसले. बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा हसले.

मुलाच्या आईने हळूच विचारलं, "पोरगी कधीपासून अशी हाये?"

मुलाचे वडील उन्हात भाजून आले होते. ते उठले आणि त्यांनी कपाटात मुंडकं घातलं. बराच वेळ ते बाहेर आलंच नाही. आतून आवाज आला, "पसंत हाये!"

"पोरगी?" मामाने विचारलं.

"पोरगी बी येऊ द्या."

पहिल्या बैलबंडीत कपाट गेलं, दुसरीत मी. माझ्या हसण्यावर भाळले, असं मी जावांना कितीतरी वर्षं सांगत होते.

लेकीच्या सासरी कामाशिवाय पाय ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मामा मात्र दर महिन्याला हातोडी घेऊन परतवाड्याला हजर. कपाटात डोकावून सासऱ्यांना म्हणे, "बिघाड मोठा हाये. सांजपर्यंत बसा लागते." गोणपाटात आणि पाण्यात बिघडायचं काय? पण मला रागच येई. आल्या आल्या कपाटाकडे! भाचीपेक्षा फडताळ लाडकं!

"मामा, गोणपाट मी भिजवते ना. तू कायले येतं?"

"तुले नाही समजत त्याची मशीन," म्हणे, आणि ओसरीत माझ्याकडे पाहत बसून राही.

मग मामा गेला. कपाट त्यानंतर एकदाही बिघडलं नाही.