गेटवर ये
परळच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई चष्मा डोक्यावर चढवून दिवसभर गेमच्या साइट ब्लॉक करत असतात. मुलं विनवतात, तर हसत म्हणतात, "बंद म्हणजे बंद रे!" मी स्वतः तिथे शिक्षक, तरी मला ते जाचक वाटायचं.

परवा त्यांनी मला घाईने हाक मारली. सहावीतली एक मुलगी फिल्टरमधून निसटलेला गेम खेळत होती. त्याच्या चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, ‘शाळा सुटली की गेटवर ये. आईला सांगू नकोस.’

बाईंनी पोलिसांना फोन केला आणि आई येईपर्यंत मुलीचा हात धरून बसल्या.

"टीचर, माझं चुकलं का?" मुलीने विचारलं.

"तुझं नाही गं," बाई म्हणाल्या. पण त्यांचाच हात इतका थरथरत होता, की मुलीनेच तो घट्ट धरला.