तिसऱ्या इंजिनाचा हट्ट

माझ्या सासऱ्यांना विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये सगळे ‘शेपूटवाले’ म्हणायचे. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट भारी अभिमान होता. त्यांची सगळी नोकरी तीन इंजिनांच्या विमानांवर गेली. दोन इंजिनं पंखांखाली, आणि तिसरं पार मागे, शेपटीच्या बुडाशी. जमिनीवरच्या माणसाची मान दुखेल एवढं उंच. तिथे लोखंडी मचाणावर चढून आमचे बाबा उन्हापावसात काम करायचे.

त्यांच्या तिथे एक नियम होता. ज्याने एका इंजिनाला हात लावला, त्याने दुसऱ्याला लावायचा नाही. तीन इंजिनं, तीन माणसं. एकच माणूस तिन्ही उघडायला लागला आणि रबराची एखादी चकती बसवायला विसरला, तर तिन्हीकडे विसरेल, मग तीन असून उपयोग काय? हे कळतं हो मला. पण तो नियम त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात आणला! मी गॅस बंद केला की तो मी तपासायचा नाही, ह्यांनी तपासायचा. कुलूप ह्यांनी लावलं की ओढून मी बघायचं. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला वाटायचं, या घरात कोणाचा कोणावर विश्वासच नाही.

तर अशा माणसाच्या मुलीच्या, म्हणजे ताईच्या, माझ्या नणंदेच्या, दोन्ही किडन्या बसल्या. ती समुद्रापलीकडे, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी. दिवसाआड डायलिसिस. ह्यांची किडनी द्यायची म्हटलं तर रक्तगटच जुळेना. सासूबाई नाहीत. राहता राहिले बाबा, आणि त्यांचं सगळं असं जुळलं की डॉक्टरीणबाईसुद्धा खूश झाल्या. एक काढली तरी दुसरीवर माणूस नीट जगतो, असं त्या समजावून सांगत होत्या. बाबांनी मध्येच थांबवलं. “कधी काढताय?” एवढंच विचारलं. दुसरी शंका नाही की दुसरा प्रश्न नाही.

ऑपरेशन तिकडेच होणार होतं. बाबांचं आणि सोबतीला माझं तिकीट काढायला बसलो आणि तिथे घोडं अडलं.

“इंजिनं किती?” बाबा म्हणाले.

“दोन,” हे म्हणाले. “आता सगळी दोनचीच असतात, बाबा.”

“मग नको. तीनवालं बघ.”

आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. कसली थट्टा! विमान कंपनीला त्यांनी स्वतः फोन लावला. पलीकडची मुलगी बिचारी जेवण शाकाहारी हवं का विचारतेय, आणि बाबा विचारताहेत, तिसरं इंजिन कुठे गेलं? तिने वरिष्ठांना दिलं. वरिष्ठांनी आणखी कोणाला तरी दिलं. शेवटी फोनवर नुसतं गाणं वाजत राहिलं आणि बाबा ते मन लावून ऐकत बसले.

मला काही म्हणता काही कळेना. बाबा सांगायचे, पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला भर समुद्रावरून जाऊच द्यायचे नाहीत, उतरायला विमानतळ तासाभराच्या टप्प्यात ठेवावा लागायचा, म्हणून तर तीनवाली निघाली. “आता दोनवर जातात म्हणे. समुद्र काय आटला?” मी म्हटलं, इंजिनं सुधारली असतील. तर म्हणाले, “सुधारली आहेत. मी कुठे नाही म्हणतोय?” मग अडतंय कुठे? ते त्यांनाही सांगता येईना. खिडकीत जाऊन उभे राहायचे, परत येऊन बसायचे, आणि “बघतो” म्हणायचे. काय बघतो, कोण जाणे.

एक दिवस सकाळी न सांगता बाहेर पडले. दुपारी आले ते घामाघूम. मालवाहू विमानांच्या कचेरीत गेले होते! तीन इंजिनांची थोडीफार विमानं आता माल वाहतात, असं हँगरमधल्या जुन्या जोडीदाराने सांगितलं होतं. तिथल्या साहेबाला म्हणाले, मला पेट्यांच्या बाजूला बसवा, मी त्रास देणार नाही. साहेबाने चहा पाजला आणि रिक्षा करून घरी पाठवलं.

माझं डोकं सटकलं. तिकडे ताई सुकत चालली होती. फोनवर आवाज असा यायचा की विहिरीतून बोलतेय. आणि इकडे हा तमाशा. ह्यांनी तर हातच टेकले होते. मी पाण्याचा पेला बाबांपुढे आपटला.

“बाबा, दोनातली एक किडनी काढून द्यायला तुम्ही एका पायावर तयार. आणि दोन इंजिनांवर बसायला घाबरता? खरं सांगा, जिवाला भिता ना?”

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यांना असं कोणी बोलतं का?

बाबा चक्रावल्यासारखे कमरेला मागून हात लावून म्हणाले, “अगं, मी एकटा असतो तर एका इंजिनावरही गेलो असतो. पण ह्या दोन किडन्यांतली एक आता माझी नाही ना. तिची आहे. दुसऱ्याची ठेव अंगावर घेऊन मी दोनवर कसा बसू? काही झालं तर तिला दुसरी कुठून आणू?”

इतके दिवस मी ज्याला भित्रा समजले, तो माणूस पोटात मुलीचा ऐवज सांभाळत घरभर फिरत होता. मला रडू आलं आणि रागही आला, आणि कशाचा राग आला तेही कळेना. मी सरळ ताईला फोन लावला, सगळं सांगितलं, आणि आवाज मोठा करून फोन बाबांपुढे धरला.

पलीकडून ताई म्हणाली,

“बाबा, ती वस्तू माझी ना?”

“तुझीच.”

“मग कशातून आणायची ते मी ठरवणार. दोनवर या. आणि लवकर या, मला फार दम लागतो हो.”

बाबांनी मान हलवली. फोनवर ती दिसत नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, म्हणून मीच म्हटलं, “हो म्हणताहेत.”

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “तू येणारच आहेस ना सोबत? मग जागा शेजारी-शेजारी घेऊ नकोस. मी डाव्या खिडकीत बसतो, तू उजव्या. एकेक वाटून घेऊ.”

आता याला काय म्हणायचं? पण घेतल्या तशाच जागा. अख्खं विमान झोपलं, खाली काळा समुद्र, आणि मी काचेला नाक लावून त्या इंजिनाकडे बघत बसले. त्यात बघायचं काय असतं, हे मी निघताना विचारायचंच विसरले. ते थरथरायचं तेव्हा वाटायचं, असंच असतं का? स्थिर असायचं तेव्हा वाटायचं, बंद तर नाही ना पडलं? पण मी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. मान वळवून एकदा पलीकडे पाहिलं, तर रांगांच्या पार त्या टोकाला बाबांची पाठ दिसली. तेही काचेला नाक लावून.

चाकं जमिनीला टेकली. लोक उठले, पिशव्या काढायला लागले. त्या गर्दीतून बाबा माझ्यापर्यंत आले. डोळे लाल, अंगातला सदरा चुरगळलेला.

“तुझ्याकडचं कसं होतं?”

“चांगलं होतं, बाबा. तुमच्याकडचं?”

“चांगलं होतं,” म्हणाले, आणि कमरेवर हात ठेवून दाराकडे वळले. “चल. आता तिचं तिला देऊन टाकू.”