बाईंनी न खोलताच सांगितलं

लॅपटॉप हातात आला की बाई आधी तो उलटा करायच्या आणि हुंगायच्या. बाजारात खरबूज हुंगतात तसा. पंख्याच्या जाळीला नाक लावायचं, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "चुलीजवळ ठेवते का रे?" किंवा, "याच्यात उंदीर मुतला." एकदा गडचिरोलीहून एक साहेब आले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लॅपटॉपवर चुकून मध सांडला होता. बाईंनी हुंगलं आणि साहेबांकडे न पाहता म्हणाल्या, "मध नाई जी. मोहाची हाये. पहिल्या धारेची."

साहेबांनी प्यायला पाणी मागितलं.

सावली गावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत बाईंच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. कोपऱ्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यासमोर फुलं, आणि बाकी सगळीकडे पोट फाडलेले लॅपटॉप. पूर्वी तिथे टायपिंगचे क्लास होते. अकरावीत असताना मी तिथेच 'मराठी तीस' शिकलो. म्हणजे शिकलो असं सर्टिफिकेट म्हणतं. बाईंचं मत वेगळं होतं. पुढे टाइपरायटर बंद पडले तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला नाही. कुणाचा तरी टाकून दिलेला कॉम्प्युटर आणला, सगळा सुटा केला आणि परत जोडला. चालू झाला नाही. परत सुटा केला. "आठव्या खेपेले घाबरून चालू झाला," असं त्या सांगायच्या. त्यांचे मिस्टर एसटीत मेकॅनिक होते. ते लवकर वारले. मुलगी चंद्रपूरला नर्स होती. बाई एकट्या राहायच्या, पण एकटेपणा वगैरे करायला त्यांना सवड नव्हती.

हुंगून काय झालं ते सांगत, पण काय बदलायचं, काय बसेल याबद्दल दुकानाचा नियम एकच होता. "खोलल्याशिवाय मी सांगत नाई." फोनवर कुणी विचारलं की बाई जयभीम घालून लगेच म्हणायच्या, "घेऊन ये, खोलतो, मंग बोलू." कुणी फोटो पाठवला तर चिडायच्या. "फोटो पाहून पोरगी पसंत करते का आता कोणी? मशीन कशी करू?"

मधल्या काळात सगळ्यांना फास्ट ड्राइव्हचं वेड लागलं. जुनी फिरती हार्डडिस्क काढायची आणि तिच्या जागी च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी बसवायची, की मढंसुद्धा उठून पळतं, असं सगळीकडे ऐकू येत होतं. पण यात एक गोम असते. या पट्ट्या दिसायला सारख्या असल्या तरी जाती दोन. एक जुन्या चालीची, एक नव्या चालीची. नवी कितीतरी वेगवान, पण ती प्रत्येक लॅपटॉपला चालत नाही. कधी पट्टी खाचेत बसतच नाही, कधी छान बसते आणि लॅपटॉप तिला ओळखच दाखवत नाही. बाई समजावायच्या, "दार असून काय करतं? दारामांगं रस्ता पायजे ना! आतल्या बोर्डावर नव्या चालीचा रस्ता काढला असन तर गाडी पळन. नाई तर दारात उभी."

खताच्या दुकानाचे एक मालक आले. म्हणाले, "बाई, सगळ्यात फास्टवाली टाका." बाईंनी लॅपटॉप खोलला, पाहिला, चालू केला. त्यात पत्त्यांच्या खेळाशिवाय काहीच उघडलेलं नव्हतं. "बसते तुमच्यात," बाई म्हणाल्या, "पण पत्ते एवढ्या फास्ट वाटून करता काय? हरायची घाई हाये का?"

तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं. अपमान करून घ्यायला लोक मूल-सिंदेवाहीसारख्या गावांहून यायचे.

मी एटापल्लीच्या पुढे सात किलोमीटरवर एका गावात मास्तर आहे. माझ्या वर्गातली पोरं घरी गोंडी बोलतात. पुस्तकात मात्र त्यांना पुण्याच्या घरातला संवाद वाचावा लागतो. म्हणून मी गावातल्या एका म्हातारीच्या गोष्टी रेकॉर्ड करायला लागलो. तीन वर्षं रेकॉर्ड करत होतो. त्या गोष्टी गोंडीत आणि मराठीत लिहून पहिलीच्या पोरांसाठी पातळसं पुस्तक करायचं होतं. म्हातारी रस्त्यात दिसली की विचारायची, "माझी गोष्ट झाली का?" आणि मी लॅपटॉपकडे बोट दाखवायचो. तो एक रेकॉर्डिंग उघडेपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप धुऊन व्हायचा. शेवटी शेवटी तो मधेच कुरकुर आवाज करायला लागला. हार्डडिस्क मरणार, आणि सोबत म्हातारीच्या गोष्टीही नेणार, हे कळत होतं.

मी शहाणपणा केला. इंटरनेटवर माझ्या लॅपटॉपचं नाव टाकलं, नव्या चालीची एसएसडी चालते असं वाचलं, आणि मागवून टाकली. दिवाळीच्या सुट्टीत सावलीला घरी गेलो तेव्हा दोन्ही घेऊन बाईंकडे गेलो.

बाईंनी लॅपटॉप उलटा केला. हुंगला. मग माझ्यापुढे धरला. "बुडाचं स्टिकर वाच बरं. चष्मा आत राह्यला माहा."

मी मॉडेलचा नंबर वाचला.

"नाई बसत," बाई म्हणाल्या. "याच्यात जुनीच चाल हाये. वापस कर थे पट्टी."

"बाई, पण इंटरनेटवर तर..."

"इंटरनेटनं तुहा लॅपटॉप खोलून पाह्यला का?"

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. बाईंनीही तो खोलला नव्हता. इतकी वर्षं ज्या बाई स्क्रूला हात लावल्याशिवाय इलाज सांगत नव्हत्या, त्यांनी माझा लॅपटॉप न खोलताच परत दिला, आणि मी मात्र तोंड फुगवून घरी आलो. वाटलं, म्हातारपणी बाईंना नवीन काही जमत नाही, म्हणून नाही म्हणतात. हे मी घरी मोठ्यानं बोललोसुद्धा. आज त्याची लाज वाटते.

शाळेवर परतलो. पट्टी परत पाठवायची राहून गेली. कपाटात पडली.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटत होती, तेव्हा एटापल्लीच्या बसस्टँडवरून फोन आला. "जयभीम. मी आली हाये. घ्यायले ये."

सावलीहून एटापल्ली म्हणजे गडचिरोली, आष्टी, आलापल्ली करत अर्धा जन्म जातो. खड्डे सुरू झाले की माणूस बसमध्ये बसलेला कमी आणि उडालेला जास्त असतो. मी मोटरसायकल घेऊन धावत गेलो. बाई स्टँडच्या बाकावर मांडीत पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. पदर धुळीनं लाल झालेला.

"काय झालं बाई? सगळं ठीक?"

"मी चुकली," बाई म्हणाल्या. "चाल, गाडी काढ."

वाटेत त्यांनी माझ्या कानामागे ओरडत सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मी मोटरसायकलवरून पडलो होतो तेव्हा माझ्या लॅपटॉपचं बुड फुटलं होतं. ते बाईंनीच बदललं होतं. भंगारातल्या एका लॅपटॉपचं बुड काढून माझ्या लॅपटॉपला लावलं होतं. बाहेरून दोन्ही सारखे, आतला बोर्ड वेगळा. म्हणजे मी जे स्टिकर वाचलं ते माझ्या लॅपटॉपचं नव्हतंच. कुण्या मेलेल्या लॅपटॉपचं होतं.

"आंघोळ करून राह्यली होती, तं आठोलं," बाई ओरडल्या. "तशीच भांडं टाकून उठली."

"मग फोन करायचा ना!"

"फोनवर सांगू का? पुन्हा न खोलता?"

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली. लॅपटॉप ठेवला. बाईंनी पिशवीतून मिस्टरांचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात दिला.

"तू खोल."

"मी?"

"तूच. मले दिसत नाई."

इतकंच म्हणाल्या. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर दुधाची साय धरल्यासारखी होती. कधीपासून होती कोण जाणे. वर्षभर तरी त्या बोटांनी स्क्रू शोधत असतील, गिऱ्हाइकाकडून स्टिकर वाचून घेत असतील, आणि चष्मा कायम आत राहत असेल. माझ्या लॅपटॉपच्या दिवशी बोटांना स्क्रू सापडले नसतील, म्हणून नुसत्या स्टिकरवरून उत्तर दिलं.

"आता रडत नको बसू," त्या म्हणाल्या. "आधी गोष्टी दुसरीकडं उतरवून घे. पेनड्राइव्ह आणले मी. दोन. एकावर माहा भरोसा नसते."

ते उतरवायलाच दुपार झाली. मग मी एकेक स्क्रू काढला. बाई त्यांच्या जागा तोंडपाठ सांगत होत्या. "डाव्या हाताचा लांब हाये, तो येगळा ठेव. आता बॅटरीची वायर काढ. ओढू नको, बैलाची शेपटी नाई थे. काय दिसते?"

"एक रिकामी खाच आहे."

"खाचेत एक अडसर हाये ना? कोन्या बाजूले?"

मी सांगितलं.

"हूं. आता बोर्डावर बारीक अक्षरं असतीन. एकेक वाच."

मी वाचत गेलो. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. बोर्डाचा नंबर आला तेव्हा त्यांनी मला तो दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग फोन दिला. त्यात कंपनीचं पुस्तक उतरवलेलं होतं. त्यातलं पानही मलाच शोधायला लावलं, आणि त्यातली ओळ मोठ्यानं वाचायला लावली. त्या ओळीत दोन्ही चाली चालतात असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"बसव," बाई म्हणाल्या.

पट्टी तिरपी घातली, दाबली, स्क्रू लावला. नवी सिस्टीम टाकेपर्यंत लाइट दोनदा गेली आणि बाईंनी वीजवाल्यांचं खानदान दोनदा काढलं. शेवटी लॅपटॉप बंद करून चालू केला. मी सवयीनं चहा ठेवायला उठलो, तर मागे वळेपर्यंत पडदा उजळून तयार.

"आता उशिराचं खापर कोनावर फोडशीन?" बाई म्हणाल्या. "आता तं पुस्तक करावंच लागन तुले."

तेवढ्यात गोष्टी सांगणारी म्हातारी काठी टेकत आली. शाळेत पाहुणी आल्याचं गावभर झालं होतं. मी तिचीच गोष्ट लावली. क्षणात सुरू झाली. म्हातारीनं ऐकलं, लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं आणि गोंडीत काहीतरी तावातावानं बोलली.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"म्हणते, माझा आवाज इतका खराब नाही. तुमची पेटी बिघडली आहे."

बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "हे खरं गिऱ्हाईक," म्हणाल्या. मग दोघी शेजारी बसून सगळी गोष्ट ऐकत राहिल्या. एकीला गोंडी येत नव्हती, दुसरीला मराठी. त्यांचं माझ्यावाचून काही अडलं नाही.

मी बाईंच्या मुलीला फोन करून डोळ्यांचं सांगितलं. बाईंनी मला त्याबद्दल भरपूर ऐकवलं, पण महिन्याभरात चंद्रपूरला ऑपरेशन झालं. मुलीनं सांगितलं, लेन्स टाकण्याआधी बाईंनी डॉक्टरला विचारलं होतं, "हे माह्या डोळ्याले सपोर्ट करते का, का खोकं पाहूनच ठरोलं?" डॉक्टरनं म्हणे पुन्हा एकदा मोजमाप घेतलं.

दिसायला लागल्यावर बाईंनी दुकान परत उघडलं. मी पुस्तकाला लागलो. फोनवर बोलणं व्हायचं. उन्हाळ्यात पुस्तक छापून आलं. शेवटच्या पानावर म्हातारीचं नाव होतं, आणि खाली बाईंचं. त्यांना सांगितलं नव्हतं. एक प्रत घेऊन सावलीला उतरलो आणि घरी न जाता सरळ गल्लीत गेलो.

दार बंद होतं. कडीला कुलूप.

शेजारची बाई धान पाखडत होती. सूप खाली ठेवून उठली. "बाई गेल्या ना, सर. मंगळवारी. झोपेतच. पोरगी येऊन सगळं करून गेली. तुमाले कोनी सांगतलं नाई का?"

आमच्या गावात फोनला रेंज कधी असते, कधी नसते. त्या आठवड्यात नव्हती.

तिनं मला पाणी आणून दिलं. मी पीत असताना ती माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहत होती.

"लॅपटॉप दाखवाचा होता का?"

"नाही," मी म्हणालो. "नुसताच आलो होतो."

"नुसतं कोनी येत नव्हतं जी त्यायच्याकडं," ती म्हणाली, आणि सूप उचलून पुन्हा धान पाखडायला बसली.

मी बाईंच्या पायरीवर बसलो. पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून, कुलपाकडे पाठ करून, बाईंचं नाव येईपर्यंत सावकाश, मोठ्यानं वाचत राहिलो.