रेघेखालच्या सुलाबाई

सुलाबाई गांगुर्डे यांची उंची चार फुटांना जेमतेम टेकायची. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण लोक त्यांच्याबद्दल काहीही बोलायला लागले तरी शेवटी तिथेच येऊन थांबायचे. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण तर त्यांच्या तोंडावर फेकायचे. मला तिचा मनापासून राग आहे. मूर्ती लहान आहे हे सांगितल्याशिवाय कुणाची कीर्ती सांगताच येत नाही का?

त्या आमच्या वसाहतीत शिवणकाम करायच्या. मी जवळच्या शाळेत शिक्षिका, आणि माझी सगळी ब्लाउजं त्यांच्याच हातची. पाय पोचावा म्हणून नवऱ्याने, जयरामने, मशीनच्या पायट्यावर लाकडी ठोकळा बसवून दिला होता. जयराम नाशकातल्याच अंबडला कारखान्यात होता, ताडमाड उंच. मुलगी विशाखा बापाच्या वळणावर गेली होती. पंधराव्या वर्षीच तिला आईच्या डोक्यावरून पलीकडचं दिसायचं. सुलाबाईंचा चेहराही लहान मुलीसारखा गोल, त्यामुळे अनोळखी माणूस हमखास फसायचा. बसमध्ये कंडक्टर न विचारता अर्धं तिकीट फाडायचा. दुसरी एखादी गप्प बसून पैसे वाचवती. या भर गाडीत ओरडायच्या, "फुल द्या! लेक हाय मला दहावीला!"

एक्याऐंशी साली वसाहतीच्या तोंडाशी सहकारी ग्राहक भांडार निघालं. आपण हातात टोपली घ्यायची, फळ्यांवरचा माल स्वतः उचलायचा आणि दाराशी येऊन पैसे द्यायचे. नाशकात तेव्हा हे अप्रूपच होतं. बायका लुगडी बदलून भांडारात जायच्या. साबणाची वडी चार वेळा उचलून चार वेळा परत ठेवायच्या, आणि कुणी काही बोलत नाही याचंच त्यांना कौतुक वाटायचं.

पैसे घेण्याच्या टेबलावर बसायचे धोंडीराम. निवृत्त बस कंडक्टर. माणूस सरळ, पैशाला चोख, पण नियम हातात मिळाला की त्यांच्या अंगात यायचं. भांडाराच्या समितीने एकदा ठरवलं, की ब्लेड, उंदराचं औषध, ॲसिड असल्या वस्तू अठरा वर्षांखालच्या मुलांना द्यायच्या नाहीत. कारण क्षुल्लकच होतं. कुठल्याशा पोराने वर्गात ब्लेडने दुसऱ्याचा सदरा फाडला होता. नियम काही वाईट नव्हता. पण त्यात वय लिहिलं होतं, उंची नव्हती. उंची ही धोंडीरामांची भर. त्यांनी टेबलाजवळच्या खांबावर तांबड्या रंगाने एक आडवी रेघ ओढली. डोकं रेघेच्या वर गेलं तर माल मिळेल, खाली राहिलं तर टोपलीतली वस्तू परत फळीवर.

"तीस वर्षं हाफ तिकिटं ओळखली मी," ते अभिमानाने सांगायचे. "गाडीत आया मोठ्या पोरांना लहान म्हणून खपवायच्या. इथं लहान पोरं मोठी व्हायला बघतात. दोन्ही लबाड्या मला कळतात."

आता, शिवणकाम करणारीला ब्लेड लागतंच. चुकलेली टीप उसवायला ब्लेडच्या अर्ध्या तुकड्यासारखं हत्यार नाही. सुलाबाई ब्लेडचं पाकीट घेऊन टेबलाशी आल्या. धोंडीरामांनी जाड भिंगांतून आधी त्यांना पाहिलं, मग खांबाला पाहिलं.

"ए पोरी, हे ठेव तिकडं."

"भाऊ, मी पोरगी नाय. सदतीस वर्षांची बाई हाय मी. हे मंगळसूत्र दिसत नाय व्हय?"

"मंगळसूत्र म्हणजे वयाचा पुरावा नव्हे," धोंडीराम म्हणाले. "खेड्यापाड्यात दहाव्या वर्षी लग्नं लावतात. त्याला कायद्याने बंदी आहे. तुझ्या बापाला सांग."

रांगेतली माणसं हसली. सुलाबाई तणतणत घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी चौथीचा शाळेचा दाखला घेऊन आल्या. धोंडीरामांनी तो नाकाजवळ धरून वाचला, घडी घालून परत दिला आणि मायेने म्हणाले, "आईचा दाखला असा बाहेर काढू नये बाळ. हरवला तर मार खाशील."

या माणसाचं करायचं काय? शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. ते माया करत होते.

ब्लेड कोपऱ्यावरच्या टपरीवरही मिळत होतं. जयराम म्हणाला, मी आणतो, सोड ना. मीही तेच म्हटलं. पण सुलाबाई सोडायला तयार नव्हत्या. आणि मग तो शनिवार उजाडला. विशाखाच्या शाळेत कार्यक्रम होता, म्हणून ती साडी नेसली होती. तिथून मायलेकी परस्पर भांडारात आल्या. मी त्यांच्या मागेच रांगेत उभी होते. ब्लेडचं पाकीट टोपलीत होतं, टोपली सुलाबाईंच्या हातात होती. धोंडीरामांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते विशाखाला म्हणाले, "बरं झालं बाई तुम्ही आलात. जरा समज द्या तुमच्या मुलीला. रोज येऊन हुज्जत घालते. शाळेत घालता की नाही तिला?"

आणि त्यांनी ब्लेडचं पाकीट त्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या हातात अदबीने दिलं.

रांग खदखदून हसली. विशाखा लाजेने लालेलाल झाली. सुलाबाईंनी पाकीट तिच्या हातातून काढून टेबलावर परत ठेवलं आणि बाहेर पडल्या. मी मागोमाग गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, माझ्याच लेकीची लेक केली त्यानं मला," त्या म्हणाल्या. "आता ब्लेड नको. आता त्या माणसानं मला बाई म्हणायचं. चारचौघांत म्हणायचं. तवर मी गप नाय बसायची."

जयराम कारखान्याच्या युनियनमधला. त्याच्या घरी सभा, ठराव, अनुमोदन हे शब्द डाळ-तांदळाइतके रोजचे. सुलाबाई ते शिवता शिवता ऐकायच्या. ग्राहक म्हणून भांडार आपलं ऐकत नसेल तर मालक व्हावं, असं त्यांनी ठरवलं. सहकारी भांडार म्हणजे सभासदांचं, आणि शेअर घेतला की कुणीही सज्ञान माणूस सभासद. त्या चिटणिसांकडे गेल्या. चिटणीस कागदातून मान वर न काढणारे गृहस्थ. त्यांनी तोच शाळेचा दाखला वाचला, अठरा पूर्ण आहेत म्हणाले, पावती फाडली. समोर किती उंचीचं माणूस उभं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कधी कधी असली माणसंच बरी वाटतात.

वार्षिक सभा आमच्या शाळेच्या हॉलमध्ये होती. दारावर अर्थातच धोंडीराम. मी आत बसले होते, तेवढ्यात दारातून त्यांचा आवाज आला, "पोरांना आत बंदी आहे. बाहेर खेळ."

लगेच दुसरा आवाज आला. शिवणयंत्राच्या खडखडाटावर बोलायची सवय झालेला आवाज तो. हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला.

"अध्यक्षसाहेब, जयभीम! मी सुला जयराम गांगुर्डे, सभासद. ही पावती. सभासदाला दारात अडवून ठेवलंय, मग ही सभा कायद्यात बसती का, तेवढं सांगा!"

अध्यक्ष गडबडले. कुणीतरी उद्या तक्रार केली तर अख्खी सभा रद्द व्हायची, हे त्यांना ठाऊक होतं. "येऊ द्या, येऊ द्या त्यांना," ते उभे राहून म्हणाले. धोंडीराम बाजूला झाले. सुलाबाई मधल्या वाटेने ताठ चालत आल्या, पहिल्या रांगेतली एक खुर्ची ओढली आणि चपला काढून तिच्यावर उभ्या राहिल्या.

"बोलायचं हाय मला," त्या म्हणाल्या. "ब्लेड पोरांना देऊ नका, बरोबर हाय. माझ्या लेकीला बी देऊ नका. पण तिला दिलं! ती पंधराची. मला नाय दिलं, मी सदतीसची. खांबाला वय कळतं का? उद्या उंटाला बी ब्लेड द्याल तुम्ही!"

हशा असा उसळला की अध्यक्षांनाही तोंड लपवावं लागलं. पण सुलाबाई हसल्या नाहीत. "हसा," त्या म्हणाल्या. "रांगेत पण हसला होता. तवा मी घरी जाऊन रडले."

मग मात्र कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. त्या वर्षी समितीत महिला प्रतिनिधीची एक जागा भरायची होती. नाव आधीच ठरलेलं होतं, अध्यक्षांच्या वहिनींचं. विषय पुकारला गेला आणि मी उभी राहिले. सुलाबाई गांगुर्डे, एवढंच म्हटलं. अनुमोदन, अनुमोदन, असा चारी बाजूंनी पुकारा झाला. हॉलमधल्या निम्म्या बायकांच्या अंगात त्यांनीच शिवलेली ब्लाउजं होती, आणि जिने ब्लाउज बेतलं तिच्यासाठी हात वर करायला कुणाला ओझं होणार होतं? वहिनींच्या नावाला मोजके हात वर झाले. त्यातल्या एकीने तर सुलाबाईंचं नाव पुकारल्यावर पुन्हा हात वर केला. तिला खाली बसवावं लागलं.

सुलाबाईंच्या नावाला वर झालेले हात मोजायचं कामही धोंडीरामांकडेच होतं. भरल्या गाडीत माणसं मोजायची त्यांना सवय. रांगेरांगेने बोट नाचवत ते मागे गेले, पुढे आले, पुन्हा एकदा मागे गेले. व्यासपीठाजवळ येऊन ते थांबले आणि विचारात पडले. मग त्यांनी स्वतःचाच हात वर केला.

"मोजणाराही सभासद आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "त्याचंही मत धरायला पाहिजे. नियम आहे."

सुलाबाई अजून खुर्चीवरच होत्या. तिथून त्यांनी धोंडीरामांकडे चक्क वरून खाली पाहिलं.

"थांबा भाऊ. मत द्यायच्या आधी वय सांगा. सज्ञान हाय का तुम्ही?"

हॉल फुटला. पण धोंडीराम नियमाचे पक्के. विचारलं म्हणजे सांगितलंच पाहिजे. ते सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "एकसष्ट पूर्ण. जन्मतारीख एक जून."

आता हसण्याला सुमार राहिला नाही. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसलेल्या प्रत्येक पोराच्या नावापुढे आमचे मास्तर लोक एक जून लिहून मोकळे होतात. त्या हॉलमधली निम्मी माणसं एक जूनचीच होती. कुणी ओरडलं, "माझी पण!" कुणी म्हणालं, "आमच्या घरात तिघांची!"

"माझी बी तीच हाय," सुलाबाई म्हणाल्या. आता त्याही हसत होत्या. "दाखला नाकाला लावून वाचलात भाऊ, तारीख नाय वाचली. एका दिवशीची माणसं आपण. तुम्ही थोरले, मी धाकटी. धाकटी बहीण म्हणा, चालंल. पोरगी म्हणू नका."

धोंडीरामांनी वर केलेला हात हळूहळू खाली घेतला. ते आधी टेबलावरचं पाणी प्यायले. मग मायक्रोफोनजवळ गेले आणि गाडी सुटताना गावाचं नाव पुकारावं तशा खणखणीत आवाजात त्यांनी निकाल सांगितला.

"महिला प्रतिनिधी म्हणून निवडून आल्या आहेत, श्रीमती सुलाबाई जयराम गांगुर्डे. बाई, वर या."